सोन्याचा भाव चढला म्हणजे होलसेलवाला कमावतो? ग्रॅममध्ये मोजून बघा

‘दागिने आणि घड्याळांच्या होलसेलमध्ये तोटा होतच नाही’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. मी तो वाचून सोडून देत होतो. पण आता आमचे मेहुणे त्याच्या भरवशावर एका पेढीत भागीदारीचे पैसे घालायला निघालेत, म्हणून हे लिहितोय. मेसेजमधले दावे चार: भाव चढला की तिजोरीतला माल आपोआप नफा देतो, मार्जिन पन्नास टक्के असतं, घड्याळ पडून राहिलं तरी महागच होतं, आणि होलसेलला स्पर्धा नाही.

पहिला दावा सगळ्यात घातक. समजा, 22 कॅरेटचा 1000 ग्रॅम माल आहे आणि त्या सोन्याचा भाव ग्रॅमला 100 आहे (चलन कुठलंही धरा). माल 60 दिवसांच्या उधारीवर दिला, भाव त्याच दिवशी बांधला, घडणावळीचे 4 टक्के वर लावले. बिल झालं 1,04,000. दोन महिन्यांत भाव गेला 112 वर. वसुली वेळेवर झाली, एक पैसा बुडाला नाही. त्या पैशात आता सोनं येतं सुमारे 929 ग्रॅम. वहीत नफा, तिजोरीत 71 ग्रॅमची तूट! कारागिराची मजुरी आणि कामातली घट अजून धरलेलीच नाही. भाव चढला म्हणून पेढी आकसली.

रोखीने विकलं तर? 100 चं सोनं 112 ला गेलं, पण तेवढंच परत भरायला 112 च लागतात. मधले 12 कागदावर नफा, त्यावर कर लागला की तो सोन्यातूनच जाणार.

आणि न विकलेल्या मालाचा चढलेला भाव नफ्यात धरणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय लेखा मानक 2 उघडून बघावं. साठ्याची किंमत एकतर लागत (माल आपल्याला पडला ती किंमत), नाहीतर विक्रीतून खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम. दोन्हींत जी कमी ती धरायची. म्हणजे भाव चढला तर विकेपर्यंत थांबा; लागतीच्या खाली गेला तर तोटा लगेच दाखवा.

जाणते व्यापारी यावर उपाय करतात. विकलं त्याच दिवशी तेवढं सोनं परत घेतात, किंवा सोन्याच्या बदल्यात सोनं घेऊन पैशात फक्त घडणावळ आकारतात. फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेचा भाव आजच बांधणाऱ्या सौद्यांत) विकून भावाचा धोका झाकणारेही आहेत, पण तिथे दोन ठिकाणी माणूस फसतो. एक म्हणजे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता: 1000 ग्रॅम 22 कॅरेटमध्ये शुद्ध सोनं साधारण 916 ग्रॅम. सौदा शुद्ध सोन्याचा असताना पूर्ण 1000 ग्रॅमचा केला, तर वरचे 84 ग्रॅम हा निव्वळ सट्टा. दुसरं म्हणजे रोकड: भाव चढला की विकलेल्या सौद्यावर रोजच्या रोज मार्जिन (नफ्याचं नव्हे, सौद्याची अनामत) भरावं लागतं, आणि आपला पैसा तर उधारीत अडकलेला. तेजीत पेढ्या बसतात त्या अशा. त्यामुळे भागीदारी घेताना विक्रीचा आकडा नंतर विचारा. आधी वर्षाच्या सुरुवातीला शुद्ध सोनं किती ग्रॅम होतं आणि शेवटी किती, ते विचारा. जांगड (पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा या बोलीवर) दिलेला माल ‘विकला’ म्हणून लिहिलाय का, तेही बघा. परत आला की ती विक्री हवेत जाते.

पन्नास टक्के मार्जिनचं लवकर उरकतो. लागतीवर 50 टक्के चढवले तर विक्रीवर मार्जिन 33 टक्केच पडतं, आणि साध्या सोन्याच्या मालात तेवढं चढवून घाऊकमध्ये कुणी घेतही नाही. शिवाय मार्जिनला फिरत जोडल्याशिवाय अर्थ नाही. विक्रीवर 8 टक्के मार्जिनचा (म्हणजे लागतीवर सुमारे 8.7) माल वर्षात सहा वेळा फिरला, तर गुंतवलेल्या शंभरावर ढोबळ 52 सुटतात. 40 टक्क्यांचा (लागतीवर सुमारे 67) नक्षीदार सेट दोन वर्षांत एकदा गेला, तर वर्षाला 33.

घड्याळाचं म्हणणं तर हास्यास्पद आहे. ठरावीक ब्रँडची मोजकी मॉडेलं महागतात, पण ती घाऊक गोदामात येतात कुठे! तिथे असतात क्वार्ट्झची, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांची खोकी. चावी बाहेर ओढून प्लास्टिकचा अडसर ठेवला की काटे थांबतात, सेलची झीज मंदावते. पण थांबत नाही. संपलेला सेल आत गळला की मूव्हमेंट, म्हणजे आतली यंत्रणा गेली. मेकॅनिकलमध्ये तेल सुकतं, दोन्हींत रबरी गॅस्केट कडक होऊन पाणी शिरतं. जुना लॉट विकायचा तर सेल बदला, पाण्याची चाचणी घ्या, पट्टे बदला, वर सूट द्या. लेखा मानकातला तो ‘जी कमी ती’ नियम इथे दरवर्षी चावतो.

स्पर्धेबाबत अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. लहान दुकानदाराला थोडा-थोडा मिश्र माल, सुटे भाग आणि उधारी हवी असते. ते कारखाना देत नाही, होलसेलवालाच देतो. पण त्याच दुकानदाराला शेजारची पेढी 60 ऐवजी 90 दिवस देते. आणि वरून ब्रँड स्वतःच खाली उतरतात: रोलेक्सने 2023 मध्ये बुखरर ही किरकोळ विक्रीची साखळीच विकत घ्यायचं जाहीर केलं. मधला माणूस तिथे लागतच नाही.