आण्णांचं नाक आणि आमची पद्मिनी

रविवारी सकाळी सात वाजता अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'तळमजल्यावरील गॅरेजमधून पेट्रोलचा वास येत आहे. संबंधितांनी आपली भंगार गाडी त्वरित हलवावी.' खाली पटापट अंगठे उमटले. आमच्या अपार्टमेंटला शटरचं गॅरेज एकच, त्यात गाडी एकच, तिचा मालक एकच. तरी आपलं 'संबंधितांनी'. वास येत होता हे मला मान्य आहे. मलाच सगळ्यात आधी आला होता. पण भंगार? ज्यानं लिहिलं त्याच्या स्वतःच्या स्कूटरला अजून किक मारावी लागते, आणि तीही लागत नाही.

गाडी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, आणि दार लावल्यावर दार लागल्याचा आवाज येतो, डबा बंद केल्याचा नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा याच ग्रुपवर याच मंडळींनी रडके इमोजी टाकून 'एका युगाचा अस्त' वगैरे फॉरवर्ड केलं होतं. युग मुंबईत मावळलं की गहिवर येतो, कोल्हापुरात खालच्या गॅरेजात उभं राहिलं की नाक मुरडतात. सरकारदरबारी 'विंटेज' व्हायला पन्नास वर्षं लागतात. आमची चाळिशीत आहे. म्हणजे मान मिळायला अजून अवकाश आहे, आणि पर्यावरण कर मात्र पंधरा वर्षांवरच्या गाड्यांनाच लागू.

तर, वास. मी कार्ब्युरेटर बघितला, कोरडा. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम गेला असेल म्हणून तिथे बोट फिरवलं, कोरडं. गाडीखाली रात्री वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले. पेट्रोल उडून गेलं तरी मागे तांबूस डाग राहतो. सकाळी कागदावर डाग नव्हता, एक झुरळ होतं. आणि वास तसाच. त्यात हा वास काही इमानदार नाही. एकदा भरभरून येणार, मग पाच-सात दिवस गायब, मग पुन्हा हजर.

इथवर प्रकरण माझं आणि गाडीचं होतं. मग आण्णा खाली आले.

आण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात. एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निवृत्त झालेत. उभी हयात मळीच्या वासात काढलेल्या माणसाला एरवी वासाचं वावडं नसावं. पण आण्णांचं म्हणणं उलटं. तिथे राहूनच त्यांचं नाक तयार झालं. शेजारच्या बिल्डिंगमधलं दूध उतू जायच्या आधी त्यांना कळतं, असं ते स्वतः सांगतात.

एका हातात खडू, दुसऱ्या हातात उदबत्तीचा पुडा, काखेत वही. "सर, शटर उघडा. पूर्ण नको. गुडघ्यापर्यंत."

"का आण्णा?"

"पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. खाली बसत्या. तुम्ही उभ्यानं हुंगताय, म्हणून तुम्हाला सापडंना."

आण्णांची अडचण हीच आहे की ते अर्धं बरोबर बोलतात. पूर्ण चुकीचं बोलणाऱ्या माणसाला वाटेला लावता येतं. वाफ जड असते हे खरं. ती जमिनीलगत साचते, शटरखालून सरपटत बाहेर पडते, आणि दुपारी जिन्यातली हवा तापून वर चढायला लागली की तिच्याबरोबर थेट तिसऱ्या मजल्यावर जाते. माणसाच्या नाकाला तिचा अगदी कणभर अंश पुरतो. सबब, आण्णांकडे वास येत होता हे शास्त्रानं सिद्ध होतं, आणि माझ्याकडे त्यांना थोपवायला काही कारण उरलं नव्हतं.

आण्णा धोतर सावरून शटरखालून रांगत आत गेले. मी मागोमाग. आत त्यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला, डावा दंड नाकाला लावून स्वतःलाच हुंगलं, आणि फरशीवर खडूनं एक गोल काढला. आत लिहिलं, 'मध्यम'.

"हे काय?"

"बोलू नका. नाक थकतंय. मधे मधे आपलाच दंड हुंगायचा, म्हंजे नाक कोरं होतंय. अत्तरवाले असंच करत्यात."

पुढचा बराच वेळ मी माझ्याच गॅरेजात, माझ्याच गाडीला टेकून, तोंड मिटून उभा होतो. आण्णा रांगत होते, दंड हुंगत होते, गोल काढत होते. 'मध्यम', 'मध्यम', 'तीव्र', 'शंकास्पद'. एक गोल माझ्या पायाभोवती काढला आणि काही लिहिलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "तुमचा शर्ट कालचा हाय."

मग त्यांनी उदबत्ती काढली आणि मी काही म्हणायच्या आत शटरबाहेर जाऊन पेटवून आणली.

"आण्णा! पेट्रोल आहे!"

"ठाऊक हाय. पर हवा कुठनं कुठं जात्या ते धुरावरनंच कळणार का न्हाई? आन् सर, विस्तवानं पेट्रोल सहसा पेट घेत न्हाई. त्याला ज्वाळा लागत्या, न्हाईतर ठिणगी. फ्लॅश पॉइंट उणे चाळीसच्या बी खाली. म्हंजे कोल्हापुरात ते बारा महिने पेटायला तयारच हाय. पण निखारा येगळा, ज्वाळा येगळी. शिकवताय काय कॉलेजात?"

मी मराठी शिकवतो. हे आण्णांना माहीत आहे.

उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, मग वाकडा झाला, मग बंद पडला. उदबत्ती विझली. आण्णांनी तिच्याकडे बघितलं, 'च्यक' केलं, आणि 'तीव्र' लिहिलेल्या गोलात उभं राहून बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली.

मी त्यांचं मनगट पकडलं. काडेपेटी सुटेना, म्हणून जरा पिरगळलं. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कचऱ्याची बादली घेऊन जिन्यातून उतरत होत्या. शटर गुडघ्यापर्यंतच उघडं असल्यामुळे त्यांना फक्त झटापटीतले चार पाय दिसले. दुपारपर्यंत ग्रुपवर आलं : 'मतभेद असावेत, पण ज्येष्ठांशी झोंबाझोंबी आपल्या अपार्टमेंटच्या संस्कृतीला शोभत नाही.' त्यालाही अंगठे. आण्णांनी स्वतः दोन्ही हात जोडलेलं चित्र टाकलं. खुलासा नाही. नुसतेच हात.

वास राहिला बाजूला, आता माझीच चौकशी.

दुसऱ्या दिवशी आण्णा काहीच झालं नसल्यासारखे चहाला आले. मी चहा ओतता ओतता सहज म्हटलं की कुठलं तरी रबर गेलं असणार, आणि त्याला कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं हे वीस टक्के इथेनॉल.

आण्णांनी कप खाली ठेवला. "इथेनॉलला नाव ठेवायचं न्हाई."

"आण्णा, पण जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. पाणी ओढून घेतं ते वेगळंच..."

"मळीला कुत्रं इचारत नव्हतं. मातीमोल. आज तिच्यापासनं इथेनॉल हुतंय, त्यावर शेतकऱ्याचं बिल निघतंय. तुमच्या गाडीत ऊस जातोय, सर. अभिमान बाळगा."

मी अभिमान बाळगायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण ही गाडी बनली तेव्हा उसानं गुऱ्हाळात जायचं आणि पेट्रोलनं टाकीत, अशी वाटणी होती. नव्या गाड्यांचे भाग इथेनॉल सोसणारे असावेत हा नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा. त्याआधी घेतलेल्या गाड्यांनी काय करायचं? सोसायचं. वीस टक्क्यांचं २०३० साली गाठायचं उद्दिष्ट २०२५ सालातच गाठलं म्हणून जाहिराती झाल्या, पण पंपावर 'साधं द्या' म्हणायची सोय ठेवली नाही. कुणीतरी ती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर १ सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली गेली. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे मायलेज घटणार हे उघड. भाव मात्र लिटरला पूर्ण. शेतकऱ्याचं बिल निघतंय तर निघू दे, चांगलंच आहे. ते माझ्या नळ्यांमधून का काढायचं, एवढंच विचारतो.

आणि वासाचंच बोलायचं तर बोलू. पंचगंगेला फेस येतो, मेलेले मासे काठाला लागतात, तेव्हा या ग्रुपवर कुणी 'संबंधितांनी' लिहिल्याचं मला आठवत नाही. पहिल्या मजल्यावरचे चिरंजीव रात्री बारा वाजता मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून फटाके काढत येतात, तेव्हा सगळे गाढ झोपलेले असतात. समोरच्यांची डिझेल गाडी रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली 'गरम' होते. ती नवी आहे, हप्त्यांवर आहे, म्हणून तिचा धूर प्रतिष्ठित. आण्णांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "त्या वासाची सवय होत्या, सर." आणि माझी खारी संपवली.

अखेर गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुसत एकच प्रश्न विचारला : "टाकी फुल केल्यावरच मारतोय न्हवं वास?"

मी गप्प. कारण होय. पन्हाळ्याला जायचं म्हणून टाकी काठोकाठ भरायची, गाडी परत आणून बंद गॅरेजात लावायची, आणि वास सुरू. चार चकरा झाल्या, पेट्रोल जरा उतरलं, की वास गायब. मिस्त्रींनी डिकी उघडली, मागचा पुठ्ठा काढला. टाकीचं तोंड आणि टाकी यांना जोडणारी जाड रबरी नळी उन्हाळ्यातल्या टाचेसारखी भेगाळली होती, तीही नेमकी वरच्या अंगाला. टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथवर पोचतच नाही. काठोकाठ भरून गाडी उकाड्यात उभी केली की पेट्रोल फुगतं. दहा अंश तापलं की साधारण एक टक्का. मग ते नळीत चढतं, भेगांतून नुसतं पाझरतं आणि जमिनीवर पडायच्या आत उडून जातं. म्हणून कागद कोरडे आणि नाक भरलेलं. पेट्रोलचा काटा हलवणारा फ्लोट टाकीत जिथून उतरतो, तिथलं बुचाचं पॅकिंगही वाळून आक्रसलं होतं. ते त्यांनी तिथेच नवीन कापून बसवलं.

नळी मिळवण्याचा इतिहास मी सांगत नाही. एका दुकानदारानं मला बागेला पाणी घालायचा हिरवा पाइप दाखवला आणि "ह्योच बसवत्यात समदी" म्हणाला, एवढ्यावरून अंदाज घ्यावा. योग्य जाडीची, इथेनॉल सोसणारी नळी शेवटी मुंबईहून मागवली. तिची किंमत मी घरी सांगितलेली नाही.

नळी बसली, टाकी मुद्दाम काठोकाठ भरली, गाडी दिवसभर बंद गॅरेजात ठेवली. वास नाही. मी ग्रुपवर भेगाळलेल्या नळीचा फोटो टाकला, 'दोष सापडला, दुरुस्ती झाली' असं लिहिलं. एकही अंगठा नाही. तासाभरानं आण्णांचा मेसेज आला : 'माझ्या पाहणीत "तीव्र" हा शेरा गाडीच्या मागील बाजूसच होता. नोंद वहीत उपलब्ध.' त्याला मात्र फुलांचे गुच्छ.

संध्याकाळी आण्णा दारात. "सर, ती जुनी नळी टाकून दिली न्हाई न्हवं?"

"नाही. का?"

"द्या इकडं. मीटिंगमधे दाखवायची. रेकॉर्डला पायजे."

मी दिली. नको असलेली वस्तू कुणी आपणहून मागत असेल तर मी प्रश्न विचारत नाही. आण्णांनी ती कॅरीबॅगेत घातली, वर चिठ्ठी चिकटवली, आणि तळमजल्यावरच्या कमिटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, पावती पुस्तकांच्या शेजारी, कुलूप लावून ठेवली. चाळीस वर्षं पेट्रोल प्यालेली नळी. बंद कपाट. बंद ऑफिस. मे महिना.

काल सेक्रेटरींचा फोन आला. आवाज अगदी सौम्य, म्हणजे चिडलेले होते. "सर, वाईट वाटून घेऊ नका, पण दुरुस्तीचा काही उपयोग झालेला दिसत नाही. आता तर वास पार कमिटीच्या ऑफिसापर्यंत आलाय. पावती पुस्तकांनासुद्धा मारतोय. आण्णा म्हणतात, पुन्हा एकदा पाहणी करावी लागेल. ते उदबत्ती घेऊन निघालेत. तुम्ही जरा शटर उघडून ठेवता का?"