पोटासाठी डायटिशियन कशाला? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय: डायटिशियनकडे पैसे घालवू नका, गहू, दूध, कांदा कायमचा बंद करा, रोज रात्री चूर्ण घ्या, २१ दिवसांत पोट साफ. नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळीकडे फिरतोय, म्हणून लिहितेय.

आधी गव्हाचं. गहू खरंच बाधत असेल तर तो सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) आहे का हे बघावं लागतं, आणि त्याची टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच करायची असते, कारण बंद करून काही महिने गेले की रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि आजार तसाच लपून राहतो. सीलिअॅक निघालाच तर नुसती पोळी सोडून भागत नाही, बाजारच्या बऱ्याच हिंगात मैदा असतो. हे फॉरवर्ड करणारा सांगणारे का?

आता कांदा. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, कांद्याशिवाय स्वयंपाक सुचतच नाही, म्हणून हा मुद्दा मला जास्त लागला. माझ्या आईला मिसळ खाल्ली की पोट टम्म फुगायचं, घरात सगळे तिखटावर खापर फोडायचे. डायटिशियनने आठवडाभर वहीत लिहायला लावलं, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला. वही बघून त्यांना कांदा-लसणातल्या फ्रुक्टन नावाच्या, नीट न पचणाऱ्या साखरेचा आणि मटकीतल्या तशाच साखरेचा संशय आला. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, म्हणजे रश्श्यातले कांद्याचे तुकडे बाजूला काढून उपयोग नाही, ते रश्श्यात उतरलेलं असतं. तेलात मात्र विरघळत नाही, म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकला की वास राहतो, त्रास नाही. पातीचा हिरवा भागही चालतो. आई आता तेच वापरते.

आणि "कायमचा" बंद तर मुळीच नाही! या पद्धतीला लो फॉडमॅप म्हणतात (फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टनसारख्या नीट न पचणाऱ्या, गॅस करणाऱ्या साखरा), ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीत तयार झाली, बंदी साधारण २ ते ६ आठवडे, मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचा. खरं काम इथेच असतं आणि इथेच माणूस एकटा गोंधळतो. आईला तेवढ्यापुरती बंद केलेली पोळी परत मिळाली, थोडा कांदाही.

दूध बाधतं त्यांना बरेचदा दही चालतं, कारण विरजणात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी होतं. सगळंच तोडलं तर कॅल्शियम कुठून आणणार?

चूर्णाचं मात्र सांभाळा हं. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून पोट साफ करते, ती महिनोन्महिने मनाने घ्यायची गोष्ट नाही. इसबगोल वेगळं, ते फायबर आहे, पण भरपूर पाण्यासोबतच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते, तेही हळूहळू वाढवायचं, एकदम वाढवलं तर गॅसच होतो.

राहिला पैशांचा मुद्दा. फी असते, मान्य. पण पहिल्या भेटीत नुसता छापील चार्ट हातात देणारी व्यक्ती असेल तर उठून या. शिक्षण काय, रजिस्टर्ड डायटिशियन आहात का, हे सरळ विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब असं काही असेल तर आधी डॉक्टर, आणि चांगली डायटिशियन स्वतःच तिकडे पाठवते.