त्याच तिकिटावर

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे मी दूध तापत ठेवून गॅससमोर पहाऱ्याला उभा असताना, फोनवर निरोप आला. 'आपली सागरी सफर अविस्मरणीय झाली असेल अशी आशा आहे. कृपया तारे द्या.' खाली पाच रिकामे तारे. त्याखाली जरा बारीक अक्षरांत, माझ्या नावावर 354 रुपये बाकी असल्याची आठवण. पाण्याच्या बाटल्या दोन, दीडशेला एक, वर कर. हिशेब तोंडी करून पाहीपर्यंत दूध उतू गेलं.

त्या दोन बाटल्या आम्ही चैन म्हणून प्यायलो नव्हतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, बंद पडलेल्या बोटीतल्या बिनखिडकीच्या खोलीत, बंद एसीकडे बघत प्यायलो होतो.

झालं असं की लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ काढली. यात प्रेमाचा भाग थोडा, कंबरेचा जास्त. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे आणि दर गणपतीला माझे मणके त्या कामाची पाहणी करून येतात. "समुद्राला खड्डे नसतात," असं मी घरात जाहीर केलं होतं. बायको तेव्हा काही बोलली नाही. वीस वर्षांत ती योग्य वेळेची वाट बघायला शिकली आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरवरून निघालो. निघण्याआधी सगळ्यांना गोळा करून कवायत घेतली: सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. आमच्या रांगेतल्या एका आजींना नेमकी त्याच वेळी 'रामदास' बोट आठवली. 1947 ची 17 जुलै, रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात त्यांच्या चुलत सासऱ्यांचे शेजारी. सून "आई, आत्ता नको" म्हणत होती. आजी म्हणाल्या, "आत्ता नको तर कधी? नंतर कोण ऐकणार?"

रात्री दीडच्या सुमाराला लेक झोपेतच पुटपुटली, "बाबा, इन्व्हर्टर लावा ना." मी उठून भिंत चाचपायला लागलो. मग लक्षात आलं की भिंत आमची नाही. दाराखालून उजेडाची एक बारीक चिरी येत होती, बाकी मिट्ट काळोख. खिडकी नसलेली खोली सोळा हजारांनी स्वस्त पडते ती का, ते त्या क्षणी कळलं. थोड्या वेळाने स्पीकरवरून कप्तानाचा अत्यंत गोड इंग्रजी आवाज आला: छोटीशी तांत्रिक अडचण आहे, काळजीचं कारण नाही, रात्रीचा आनंद घ्या.

आनंद घ्यायला आम्ही पाचव्या मजल्यावरच्या काउंटरपाशी गेलो. तिथे आधीच दोनशे माणसं आनंद घेत उभी होती. आणि तिथेच मला काका भेटले.

काकांचं वय सत्तरीच्या पुढे. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, गळ्यात क्रूझचं कार्ड. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नोकरी, मूळ गाव कराडकडचं. मुलाने हौसेने तिकीट काढून दिलेलं. मी रांगेत त्यांच्या मागे लागलो तेव्हा ते लोखंडी भिंतीला तळहात लावून डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चक्कर येतेय. "काका, बोट लागली का?"

"बोट न्हाय लागत आपल्याला," ते म्हणाले. "भिंतीत थरथर न्हाय. मेन इंजिनच बंद हाय. नुसती लाईट गेल्याली न्हाय ही."

काउंटरवरच्या मुलीला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सेल्फ मारून बघितला का?" ती बिचारी रात्री दोन वाजताही लिपस्टिक लावून हसत होती. "सर, हमारी टेक्निकल टीम देख रही है." काका म्हणाले, "टीम नको. मिस्त्री बोलवा."

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक कोवळा अधिकारी घाईघाईने चालला होता. खांद्यावरच्या सोनेरी पट्टीलगत जांभळा रंग. जांभळा म्हणजे इंजिनवाला, हे मला नंतर कळलं. काकांना मात्र त्याच्या बाहीवरचा तेलाचा डाग पुरला. त्यांनी ती बाहीच धरली.

"बाळा, डिझेलला हवा धरली आसंल. फिल्टरचा नट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस यायचा थांबला की नट आवळायचा. धा मिनटांचं काम. माझ्या समोर किती गाड्या निघाल्यात आशा."

पोरगा साताऱ्याचा निघाला. ओळखीची भाषा कानावर पडताच विरघळला आणि थांबला, ही त्याची चूक. "काका, तसं नाहीये. ही बोट विजेवर चालते."

काका गप्प झाले. आयुष्यभराच्या श्रद्धेला धक्का बसल्यासारखे. "विजेवर?"

"म्हणजे डिझेलवर जनरेटर चालतात. त्यांच्या विजेवर मोठ्या मोटरी, मोटरींवर खालचे पंखे फिरतात आणि बोट पुढं जाते. त्याच विजेवर दिवे, एसी, किचन. जनरेटर ट्रिप झाले की सगळंच एकदम जातं."

काकांचा चेहरा उजळला. ते रांगेकडे वळले आणि दोनशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोडशेडिंग हाय!"

खरं सांगतो, रांगेतून सुटकेचा नि:श्वास गेला. कप्तानाच्या 'तांत्रिक अडचणी'ने माणसं घाबरली होती. लोडशेडिंगशी प्रत्येकाची घरची ओळख. कुणीतरी लगेच विचारलं, "किती तासांचं?" एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शुक्रवारीच असायचं."

"मग हे दिवे कशावर?" काकांची चौकशी संपलेली नव्हती.

"इमर्जन्सी जनरेटरवर. वेगळा असतो, वरच्या मजल्यावर. प्रवासी बोटीत तो 36 तास पुरला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे."

"आन सदतिसाव्या तासाला?"

पोरगा नुसता हसला. "त्याच्या आत निघू, काका."

"बरं, एक सांग. तेल मोजायची डिपस्टिक बघितली का?"

यावर सगळी रांग फुटली. एवढी आठ मजली बोट, आणि म्हणे डिपस्टिक! मीही हसलो, पोट धरून हसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. कारण घरी आल्यावर वाचलं. 2019 च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'व्हायकिंग स्काय' नावाची क्रूझ भर वादळात बंद पडली, खडकांकडे ढकलली गेली आणि पावणेपाचशेच्या वर प्रवासी हेलिकॉप्टरने एकेक करून वर ओढून घ्यावे लागले. कारण? टाक्यांमध्ये वंगणाचं तेल कमी होतं. खवळलेल्या समुद्रात ते हिंदकळलं, तेलाचा दाब पडला आणि इंजिनांनी आपणहून मान टाकली. म्हणजे दापोडीचा माणूस नॉर्वेला असता तर निघण्याआधीच ओरडला असता.

अधिकारी निसटल्यावर काकांनी पुन्हा काउंटर गाठला आणि ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही तो प्रश्न विचारला.

"दुसरी बोट कधी येनार?"

"सॉरी सर?"

"ही बंद पडली न्हवं? मग मागनं येनारी दुसरी."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हिंदीत भाषांतर केलं. मग तिने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने टाय सारखा करत विचारलं, "कौनसी दूसरी, सर?"

"हे बघा," काका आता प्रशिक्षण देण्याच्या सुरात आले. "आमची गाडी घाटात बंद पडली की कंडक्टर रस्त्यात उभा ऱ्हातो. मागनं येनाऱ्या गाडीला हात करतो. आपले पॅशिंजर त्यात बशिवतो, त्याच तिकिटावर. येक रुपाया जादा न्हाय. लेडीज आन म्हातारी आधी. बसाया जागा न्हाय मिळत, खरं हाय. पन मानूस घरी पोचतो. तुमचा कंडक्टर कोन हाय?"

साहेब म्हणाले, क्रूझमध्ये कंडक्टर नसतो. काका म्हणाले, मग जबाबदार कोण? साहेब म्हणाले, जबाबदारीचं असं आहे सर, तिकिटाच्या अटींमध्ये कलम आहे, तांत्रिक कारणास्तव मार्गात बदल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. काकांनी शांतपणे विचारलं, "मार्ग बदललाय का? बोट तर जाग्यावरच हाय."

मी त्या माणसाच्या पाया पडणार होतो. पण रांगेत जागा गेली असती.

पहाटे डेकवर गेलो तर डाव्या हाताला, दूरवर, एक दिवा ठरलेल्या लयीत उघडझाप करत होता. फोनमध्ये रेंजची एक काडी आली. लेकीने त्या एका काडीत काय शोधावं? 2013 साली मेक्सिकोच्या आखातात बंद पडून पाचेक दिवस तरंगलेल्या 'कार्निव्हल ट्रायम्फ'मधल्या संडासांची अवस्था. आमच्याही बोटीतले संडास हवेने फस्सकन ओढून घेणारे, आणि वीज गेल्यापासून फस्स गेलेलं. याहून जास्त मी लिहिणार नाही. चार हजार रुपयांना जिथे रात्रीचं जेवण होतं, तिथे आम्ही आठ तास रिसेप्शनच्या मागच्या एकुलत्या एक चालू संडासाबाहेर उभे होतो, आणि एक माणूस आत जाताना वर्तमानपत्र घेऊन गेला.

मी नकाशा उघडला. निळा ठिपका ज्या किनाऱ्यासमोर होता त्याचं नाव रत्नागिरी.

माझी आत्या मिऱ्याला राहते. सहाला फोन लावला. तिने आवाज ओळखायच्या आत विचारलं, "तो समोर मिणमिणणारा तूच काय रे मेल्या? मला वाटलं, ट्रॉलर आहे." मग म्हणाली, ये जेवायला, आंब्याची पेटी काढून ठेवली आहे. मी म्हटलं, आत्या, उतरता येत नाही. ती म्हणाली, "का नाही? तुझे आजोबा इथेच नाही का उतरायचे? बोट बाहेर उभी राहायची, पडाव जायचा बाजूला, लाट वर आली की घ्यायची उडी. कडेवर तुझा बाप असायचा."

त्या काळात भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रात्रभर बंदरं घेत घेत खाली जायची. लोकांना ती लागायची, लोक ओकायचे, कोंबड्या आणि ट्रंका एकत्र असायच्या. पण रत्नागिरीचं तिकीट काढलेला माणूस रत्नागिरीला उतरायचा. मी आजोबांच्या कित्येकपट भाडं मोजून, गावच्या दीपगृहासमोर, घामाने निथळत, दुपारी चारपर्यंत नांगरून पडलो होतो आणि आत्या दर तासाला फोन करून "अजून आहेस ना?" विचारत होती. दुपारी तिने सोलकढीचा फोटो पाठवला. एका काडीवर तो अर्धाच उतरला.

चारनंतर एक जनरेटर चालू झाला. त्याच्या जोरावर गोवा झेपणार नव्हता, म्हणून बैलगाडीच्या चालीने उलटे मुंबईला निघालो. रविवारी सकाळी मुंबई दिसली, तर धक्का मिळणार सोमवारी. प्राँग्जच्या दीपगृहाबाहेर पुन्हा नांगर. कुलाब्याच्या इमारतींमधले लोक गच्चीत कपडे वाळत घालताना दिसत असल्याचा मला भास होत होता. काका म्हणाले, "डेपोत आलोय, पन फलाट रिकामा न्हाय. व्हतं आसं. स्वारगेटला रोज व्हतं."

त्या दिवशी दरवाज्याखालून लिफाफा आला. मनस्तापापोटी खोलीमागे पाच हजारांचं क्रेडिट. ते वापरायचं बोटीवरच, मसाज किंवा परफ्यूमवर. किंवा वर्षभरात पुढच्या सफरीवर, शनिवार-रविवार सोडून. रोख नाही. पाण्याच्या बाटलीवर नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. आणि ज्या गोव्याला आम्ही पोचलोच नाही तिथलं बंदर शुल्क परत मिळेल का, याचं उत्तर कालपर्यंत 'आपली विनंती प्रक्रियेत आहे' एवढंच आहे. यात मला विनोद सापडत नाही. इंजिन कुणाचंही बंद पडतं. एसटीचं पडतं, माझ्या स्कूटरचं तर सिग्नलवर पडतं. पण बंद पडलेल्या एसटीतून उतरताना कुणी मला परफ्यूमचं कुपन देत नाही.

बाकी काका समाधानी होते. सोमवारी उतरताना त्यांनी साताऱ्याच्या पोराला शोधून काढलं आणि कानात काहीतरी विचारलं. पोरगा लाजून म्हणाला, "कूलिंगचा पंप." काका मला म्हणाले, "रेडिएटर! मी म्हनलो न्हवतो?" ते तसं म्हणाले नव्हते, पण मी मान डोलावली.

तर, आज सकाळी गॅस पुसून झाल्यावर मी तारे द्यायला बसलो. एकही तारा न देता पुढे जाता येत नाही. नाइलाजाने एक दाबला. पडद्यावर रडवेला चेहरा आला: 'अरेरे! आम्ही कुठे कमी पडलो?' खाली पर्याय होते. जेवण. मनोरंजन. खोलीची स्वच्छता. कर्मचाऱ्यांची वागणूक.

'बोट' असा पर्याय नव्हता. मी 'इतर' शोधला. 'इतर'ही नव्हता.