साहेब, तिरपी घ्या!

इथे कॅलिफोर्नियात घेतलेल्या स्पोर्ट्स कारचा फोटो घरी पाठवला तेव्हा आईने विचारलं, "दोनच सीट? मग आम्ही आल्यावर बसायचं कुठे?" बाबांना वेगळीच काळजी: "सेकंडहँड का घेतलीस? नोकरी ठीक चाललीय ना?" पुण्याच्या मावसभावाने मात्र मुद्द्याचं विचारलं. "दादा, गिअरची आहे? रोज त्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून मरशील की!"

तिघांनाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता मावसभावालाच असली गाडी घ्यायची आहे आणि तो माझा दाखला देतोय. म्हणून हा खटाटोप.

आधी माझ्या गाडीविषयी. माझदा मिआटा, २०१६ची, ६२,००० मैल चाललेली, हाताने गिअर टाकायची. २०२३ मध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून १८,५०० डॉलरला घेतली. 'स्पोर्ट्स कार' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे लॅम्बोर्गिनी येते, पण हा प्रकार अगदीच गरीब स्वभावाचा. दोन लिटरचं इंजिन, १५५ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर. कापडी छप्पर हाताने मागे ढकलायचं. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा आली, तेव्हापासून तिचं सूत्र एकच आहे: ताकदीच्या मागे लागायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही. सिग्नलला शेजारची फॅमिली एसयूव्ही हिला सहज मागे टाकते.

माझा रोजचा रस्ता फ्रीमाँट ते सनीव्हेल. आधी ८८० नंबरचा हायवे, मग २३७. साधारण सतरा मैल, आणि सकाळी पाऊण ते एक तास. बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, मिल्पिटसपर्यंत आणि पुढे लाइट रेल्वेने जाता येतं. एक आठवडा तसं जाऊन पाहिलं, दीड तास लागायचा, वर दोन्हीकडची पायपीट. पुण्याची मंडळी म्हणतात, अमेरिकेत रस्ते मोकळे. त्यांना एकदा मंगळवारी सकाळी साडेआठला २३७वर आणून उभं करायला हवं. त्यातून ८८० म्हणजे ट्रकांचा रस्ता. ओकलंडमधून जाणाऱ्या ५८० वर अवजड ट्रकांना बंदी असल्यामुळे बंदराचा बराचसा माल याच रस्त्याने वाहतो. माझं डोकं त्यांच्या चाकाच्या जरा वर येतं, एवढीच माझी उंची.

तरीही मी ही गाडी रोज नेतो आणि मला पश्चात्ताप नाही. का, ते सांगतो.

कोंडीत सगळ्याच गाड्या ताशी पंधरा मैलांनी सरकतात, तीनशे हॉर्सपॉवरवालाही आणि मीही. त्या वेगात मजा येईल अशी गाडी हवी असेल, तर ती हलकी, छोटी आणि हाताने गिअर टाकायची हवी. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. गिअरचा दांडा जेमतेम दोन बोटं हलतो. सगळी युक्ती पुढे अंतर ठेवण्यात आहे. दोन गाड्यांएवढी जागा सोडली की दुसऱ्या गिअरवर नुसतं तरंगत राहता येतं, क्लचला हात, म्हणजे पाय, लावावाच लागत नाही. त्या जागेत फार तर एखादी गाडी घुसते, घुसू दे. डावा गुडघा दुखतो तो शुक्रवारी संध्याकाळी, एरवी नाही.

मावसभावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. "दादा, भूमकर चौकात तू दोन गाड्यांची जागा सोड. चार बाइक, एक रिक्षा आणि पीएमटीच्या बसचं नाक, सगळं त्यात बसेल. आणि मागचा हॉर्नवरचा हात काढणार नाही, ते वेगळंच."

इथेच घोडं पेंड खातं. टॉमटॉम ही कंपनी शहरांतली कोंडी मोजते, तिच्या २०२४च्या यादीत पुणे जगात चौथं होतं, दहा किलोमीटरला तेहतीस मिनिटांहून जास्त. पण माझ्या मते कोंडी हा स्पोर्ट्स कारचा शत्रू नाही. शत्रू आहे तो बेभरवसा: पुढचा खड्डा कुठे असेल, शेजारचा कुठून शिरेल, गाडीच्या कागदांत काय निघेल, याचा. पुण्यात वाद मात्र भलत्याच गोष्टींवर रंगतात.

मावसभावाने पाहिलेली गाडी २०१२ची बीएमडब्ल्यू झेड फोर, दिल्ली पासिंगची. तीन लिटर, दोन टर्बो, तीनशेवर हॉर्सपॉवर, पत्र्याचं घडी होणारं छप्पर. किंमत नव्या क्रेटाएवढी. एवढी स्वस्त का, तर दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली होती. आधी हरित लवादाने ती घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. २०२५ मध्ये १ जुलैला अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा फतवा निघाला, तो काही दिवसांत गुंडाळलाही. पण धसका बसायचा तो बसला. मुदत संपत आलेल्या गाड्या मालक मिळेल त्या भावाला काढतात आणि एजंट त्या आपल्याकडे आणतात.

त्याच्या ऑफिसात यावर दोन तट पडले. पहिल्या तटाचं म्हणणं, पुण्याच्या रस्त्यांवर असल्या गाड्या हव्यातच कशाला? त्यांना कल्याणीनगर आठवतं. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा, त्याला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन, आणि गाडीची कायम नोंदणी अडकलेली १,७५८ रुपयांच्या शुल्कापायी. तो राग मला इथे बसूनही येतो. पण त्या रागातून निघालेला 'गाड्याच बंद करा' हा निष्कर्ष मला पटत नाही. त्या रात्री अल्पवयीन मुलाला दारू मिळाली, किल्ली मिळाली आणि नोंदणी पुरी नसलेली गाडी रस्त्यावर फिरली. यातल्या एकाही गोष्टीचा गाडीच्या उंचीशी संबंध नाही.

आणि नोंदणीच्या बाबतीत आम्ही इकडचे फार शहाणे होतो असंही नाही. माझ्या ऑफिसच्या शेजारच्याच गावात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सची चंदेरी मर्सिडीज वर्षानुवर्षं नंबरप्लेटशिवाय फिरायची. नव्या गाडीला सहा महिने पाटी नसली तरी चालायचं, आणि तो म्हणे दर सहा महिन्यांनी गाडी बदलायचा. लोक याच्या गोष्टी कौतुकाने सांगत. कॅलिफोर्नियाने नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून आकडा असलेली कागदी पाटी सक्तीची केली ती २०१९ मध्ये. आणि ओकलंडच्या चौकांत मध्यरात्री टायर जाळत गोल गोल फिरणारी पोरं आजही आहेत.

दुसरा तट कराच्या नावाने ओरडणाऱ्यांचा. 'जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी' यावर २०२४ च्या डिसेंबरात किती विनोद फिरले! तो कर विक्रेत्याच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही. घरगुती व्यवहारात तर नाहीच. आणि झेड फोरसारख्या मोठ्या गाड्यांना तो आधीपासून अठराच होता. मी त्या निवृत्त गृहस्थांकडून थेट गाडी घेतली तरी पूर्ण १८,५०० वर सव्वादहा टक्के विक्रीकर भरला, जवळजवळ १,९०० डॉलर. शिवाय दरवर्षी नोंदणीचं शुल्क. हे सांगितल्यावर फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग मला इथे परवडलं ते काय? तर कागद. मालकीचा कागद एकच, गुलाबी कागद म्हणतात त्याला. त्यावर कर्ज दिसतं, मोडून दुरुस्त केलेली गाडी असेल तर तसा शिक्का दिसतो. धुराची तपासणी करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही. गाडीचा इतिहास थोडक्या पैशांत बघायला मिळतो. दीडशे डॉलर घेऊन एका मेकॅनिकने दोन तास गाडी उलटीपालटी केली, रंगाची जाडी मोजली, टायरची झीज पाहिली. शेवटी एवढंच सांगितलं, की छपराच्या कडेला पाणी वाहून जायची भोकं असतात, ती पाल्याने तुंबतात, दर महिन्याला साफ कर. मी केली नाहीत. पहिल्या पावसाळ्यात सीटखालचा गालिचा भिजला आणि दोन आठवडे गाडीत ओल्या गोधडीचा वास येत होता. एवढाच काय तो दगाफटका.

मावसभावाच्या गाडीचं तसं नाही. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५, महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण. २०२२ च्या एप्रिलपासून देशी मोटारीला ते ५,००० आणि आयात केलेल्या गाडीला ४०,००० झालं. झेड फोर आयात केलेलीच. इंधनाचा उच्चदाबाचा पंप आणि इंजेक्टर ही या इंजिनाची जुनी दुखणी, भाग येणार जर्मनीहून. डिकीत स्टेपनी नाही. वर आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गास्केट लवकर बदलावी लागतील, हे खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेही कबूल केलंय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

इथवर सगळं मी त्याला फोनवर सुनावलं होतं. फ्रीमाँटमध्ये बसून सुनवायला माझं काय जातं? डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा त्याने मुद्दाम एजंटाकडून गाडी दिवसभरासाठी आणवली. म्हणाला, "आता शेजारी बस आणि बोल."

सोसायटीच्या फाटकातच पहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरावी. हा होता अर्ध्या हाताच्या रुंदीचा डांबराचा वळ. वॉचमन धावत आला, मागच्या दोन गाड्या हाताने थांबवल्या आणि विमानतळावरच्या माणसासारखा पुढे उभा राहिला. "साहेब, तिरपी घ्या, तिरपी! अजून! हां, आता आस्ते." एक चाक चढलं, मग दुसरं. खालून खर्रर्र आवाज आला. मावसभावाने डोळे मिटून घेतले. बाणेरहून हिंजवडीपर्यंत असे अकरा गतिरोधक मी मोजले. पैकी चारांवर तो आवाज आला.

पण एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती. माझ्या गाडीकडे ८८० वर तीन वर्षांत कोणी मान वळवून पाहिलेलं नाही. वाकडच्या पुलाखाली आम्ही थांबलो, तर पाच मिनिटांत ओळखी झाल्या. "दादा, किती देते?" हा प्रश्न आलाच. डिलिव्हरीवाल्या पोराने विचारलं, "छप्पर उघडतं का?" सिग्नलवर नव्वदचा आकडा होता. मावसभावाने बटण दाबलं. वीस सेकंदांत पत्रा उचलला गेला, दुमडला, डिकीत गेला. शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावसभावाचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा.

तेवढ्यात डावीकडे बस येऊन उभी राहिली. खिडकीतले गृहस्थ आमच्याकडे बघून प्रसन्न हसले, पण तोंड न उघडता. त्यांचा एक गाल फुगलेला होता. मावसभावाने बटण पुन्हा दाबलं. छप्पर बंद व्हायलाही वीसच सेकंद लागतात. ते आम्ही श्वास रोखून काढले.

हिंजवडीला पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. त्याच्या यामाहा आरएक्स हंड्रेडवर त्याला पस्तीस लागतात. ती गाडी त्याच्या वडिलांची, उत्पादन १९९६ मध्येच थांबलेलं, आजही पहिल्या किकला सुरू होते. हलकी, कमी ताकदीची, हाताने गिअर टाकायची, प्रत्येक फटीतून निघणारी. परत येताना मी म्हणालो, "अरे, तुझ्याकडे मिआटा आधीपासूनच आहे की."

तो काही बोलला नाही. रस्त्यावर नजर ठेवून गतिरोधक शोधत होता.

काल संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये छप्पर मागे ढकलत असताना त्याचा मेसेज आला: "दादा, एजंटाने अजून दीड लाख कमी केलेत." खाली गाडीचा फोटो, वॉचमनसकट. उत्तर अजून दिलेलं नाही.