पडदा राहू द्या, ढोलकी कपाटात का?

सलाम मंडळी. साताऱ्यातल्या आमच्या चर्चमध्ये उपासनेतल्या गाण्या-वाजवण्यावरून सध्या जी धुसफुस चाललीय, तिच्यावर लिहितेय. ग्रुपवर लिहिलं की कोणीतरी 'प्रार्थना करू या' टाकून विषय मिटवतं, म्हणून इथे.

वेदीशेजारी गीतांचे शब्द दाखवणारा मोठा पडदा आला, कीबोर्ड आला, ड्रमसेट आला. कोविडमध्ये मोबाईलवर सुरू झालेली उपासना अजून चालू आहे, ते उत्तमच. अंथरुणाला खिळलेल्यांनाही रविवार मिळतो. प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी ओठ लावायचा एक प्याला जाऊन छोटे पेले आले, तेही अंगवळणी पडलं. पण पेटी, टाळ, ढोलकी कपाटात गेली, त्याचं काय?

पडद्यावर येतात ती हिंदी-इंग्रजीवरून बेतलेली गीतं. एकच ओळ आठदा. शुद्धलेखन तर सोडाच. 'प्रभू माझ्यावर ओत' म्हणायचं, आणि काय ओत ते पुढच्या स्लाइडवर! अख्खी भजनं तोंडपाठ असलेल्या आज्या मागच्या बाकावर ओठ मिटून उभ्या.

आणि हे साताऱ्यात! ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो याच गावात. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस. बाप्तिस्मा घेतला म्हणून ओवी-अभंग टाकायचे नसतात, हे त्यांनी रचून आणि गाऊन दाखवलं. शंभर वर्षांनी आम्ही परत उसन्या चाली घेऊन बसलोय.

बदलाचं मला वावडं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एक होऊन सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा की जाणत्या वयातला, एवढा जुना तंटा. दोन्ही चालतील म्हणून मिटवला. त्यापुढे ड्रमसेट किस झाड की पत्ती! २०२४ मध्ये व्हायलेट नायक ओडिशातल्या फुलबनीच्या बिशप झाल्या, सी.एन.आय.मधल्या पहिल्या महिला बिशप. २०२५ च्या ऑक्टोबरात कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च पाळकपदासाठी, सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. पूर्वाश्रमीच्या नर्स! मिरजेत नर्सिंग केलेल्या माझ्या मावशीने तर पेढे वाटले.

'तरुणांसाठी करतोय' म्हणतात. तरुण आहेत कुठे? हिंजवडीत. नाताळला येतात, आणि रात्री घरोघर गात फिरताना, करंजीचा तुकडा तोंडात धरून पहिलं काय मागतात? ढोलकी. ड्रमसेट काय रिक्षात घालून नेणार?

पाळकसाहेबांचा दोष नाही. समितीत गाणाऱ्यांपेक्षा स्पीकर विकत घेणाऱ्यांचा आवाज मोठा, एवढंच.

वार्षिक सभेत मी मागणार आहे: महिन्यातले दोन रविवार भजनाचे, शब्द पडद्यावरच, पण मोठ्या अक्षरात आणि तपासून. ढोलकीचं एक पान फाटलंय. त्याचा खर्च हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातून सहज निघेल. गेल्या वर्षी एकच कोंबडा घेणाऱ्यांनी परत अर्पण करून करून तीनदा विकला गेला होता.