ऑलिव्ह इथे जगेल, पण पिकेल का?

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: "दुष्काळी पट्ट्यासाठी हिरवं सोनं! ऑलिव्ह लावा. पाणी नको, फवारणी नको. राजस्थानच्या वाळवंटात होतं, मग आपल्या माळावर का नाही? महाबळेश्वरच्या जंगलात जंगली ऑलिव्ह उभंच आहे. तिसऱ्या वर्षापासून एकरी ५ लाख. कच्चं फळ खाल्लं तर शुगर जाते. लाकूड सागाच्या दुप्पट भावानं जातं, मिरजेचे सतारवाले घरी येऊन नेतील. मिलिटरीच्या कपड्याचा रंग याच फळातून काढतात. फळखरेदीची लेखी हमी." खाली रोपांच्या बुकिंगसाठी मोबाईल नंबर.

ज्यांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली आणि ठिबकच्या नळ्या बांधावर गुंडाळून पडल्यात, त्यांच्यावर हा मेसेज बरोबर नेम धरतो. म्हणून तो हसून सोडून देता येत नाही.

आधी राजस्थान, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. राजस्थान सरकारनं २००७ च्या सुमारास इस्राएलच्या मदतीनं ऑलिव्हची लागवड सुरू केली, रोपं तिकडून आणली, आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेलाचा कारखानाही उभा राहिला. हे सगळं खरं आहे. पण वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त ऊन येतं. डिसेंबर-जानेवारीत बिकानेरकडं रात्रीचा पारा ४-५ अंशांवर उतरतो, कधी शून्याच्या आसपासही जातो. ऑलिव्हला नेमकं तेच लागतं.

डाळिंबाचा बहार धरताना आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो, तसा ऑलिव्हला थंडीचा ताण लागतो. हिवाळ्यात कित्येक आठवडे रात्री चांगल्या गार आणि दिवसही सौम्य मिळाले, तरच फांदीवरच्या डोळ्यांतून मोहोर निघतो. नाहीतर त्याच डोळ्यांतून नुसती पालवी फुटते. आटपाडी, जत, म्हसवडला रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की पेपरात बातमी येते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा २८-३० अंश. अशा हवेत झाड मरणार नाही. उलट हिरवंगार दिसेल, वाढेल, फोटोला शोभेल. मेसेजसोबत आलेल्या फोटोंत तसलीच झाडं आहेत. फोटो मोठा करून बघा, फांद्यांवर पानं दिसतात, फळ एक नाही.

आर्बेकिना, कोरोनेइकी अशा काही जातींना थंडी कमी लागते, हेही खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एखाद्या कडाक्याच्या वर्षी चार फळं दिसतीलही. तेवढ्यावर कर्जाचा हप्ता फिटत नाही.

यावर ग्रुपवर उत्तर तयार असतं: "मग महाबळेश्वरला लावा, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात." गोठतात ना. पण तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मुळाशी पाणी साचलं की ऑलिव्ह कुजतं.

जंगली ऑलिव्हचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. महाबळेश्वर, कोयनेच्या रानात पारजांब नावाचं सदाहरित झाड आहे. शास्त्रीय नाव ओलिया डायोइका, म्हणजे ऑलिव्हच्याच प्रजातीतलं. ते धो-धो पावसात वाढलेलं झाड, फळ बारीक, आणि त्या फळाचं खायचं तेल काढून कुणी विकत नाही. ऑलिव्ह म्हणजे ओलिया युरोपिया, ती जात निराळी. आणि नुसत्या नात्यावरच जायचं तर मोगरा, जाई, पारिजातक हीसुद्धा त्याच कुळातली आहेत. अंगणात मोगरा फुलतो म्हणून कुणी तेलाचे डबे धुऊन ठेवत नाही.

आता पाणी. राजस्थानातल्या बागा पहिल्या दिवसापासून ठिबकवर आहेत. म्हणजे मेसेजमधला एक दावा दुसऱ्याच दाव्यानं खोटा पडतो. कमी पाण्यात हे झाड तग धरतं, पण उत्पन्न द्यायला त्याला पाणी लागतंच. जगातलं सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये निघतं. २०२२-२३ च्या हंगामात तिथं दुष्काळ आणि उष्णतेची लाट आली, तर उत्पादन आदल्या वर्षीच्या निम्म्याच्याही खाली घसरलं आणि जगभर तेलाचे भाव कडाडले. पिढ्यान् पिढ्या ऑलिव्ह करणाऱ्यांची ही गत. शिवाय भूमध्य समुद्राकाठी पाऊस पडतो हिवाळ्यात, आपला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. फूल-फळाच्या दिवसांत इथं पाणी द्यायचं म्हटलं तर टेंभू किंवा म्हैसाळ उपसा योजनेच्या आवर्तनाकडंच डोळे लावून बसायचं, जसे आज बसतो. मुरमाड, निचऱ्याची जमीन या झाडाला चालते, एवढं एक वाक्य मेसेजमध्ये असतं तर मी मान्य केलं असतं.

"फवारणी नको" याला उत्तर म्हणून फळमाशी पुरे. इटलीच्या पुलियात तर २०१३ पासून एका जिवाणूनं लाखो झाडं वाळवली.

एकरी ५ लाखांचा हिशेब मेसेजमध्ये दिलेलाच नाही, त्यामुळं खोडायचं तरी काय? तरी काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतात ती पहिली फळं. पूर्ण उत्पन्नाला आणखी बरीच वर्षं जातात, आणि एक वर्ष लागलं की पुढच्या वर्षी झाड हात आखडतं. फळाच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल निघतं. तेही फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळलं तर. ठेवलं की आंबतं आणि आम्लता वाढते. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायला आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते. आपल्याकडचा शेंगदाण्याचा घाणा इथं कामाचा नाही. ऑलिव्हचा ओला लगदा मळून, यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं करावं लागतं. ते यंत्र सातारा-सांगलीत कुठं आहे, हे मेसेजवाल्यानं सांगावं.

कच्चं फळ खाऊन शुगर जाते, असं लिहिणाऱ्यानं ते एकदा चावून बघावं. ओल्युरोपीन नावाच्या द्रव्यानं ते इतकं कडू असतं की गिळवत नाही. कॉस्टिकच्या पाण्यातून काढून किंवा आठवडेच्या आठवडे मिठाच्या पाण्यात मुरवून मगच खातात. हिरवं आणि काळं ही एकाच झाडाची फळं, फरक पिकण्याचा. पिझ्झावरच्या त्या काळ्या चकत्या तर बहुतेक वेळा हिरवीच फळं काळी केलेली असतात. डब्यावर घटकांत फेरस ग्लुकोनेट लिहिलेलं सापडेल, तो रंग पक्का ठेवायला. शुगरची गोळी कुणी या मेसेजवर बंद करू नये, एवढंच.

लाकूड सुंदर असतं, तपकिरी रेघांचं, घट्ट, सागापेक्षा बरंच जड. पण खोड आखूड, पिळवटलेलं, आणि जुन्या झाडांत आतून पोकळ. त्यातून फळी निघायची मारामार, म्हणून पळ्या, वाडगे, पोळपाटाएवढ्या वस्तू होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला तुनाचं हलकं लाकूड आणि भोपळा लागतो. हे जड लाकूड घेऊन ते काय करणार?

मिलिटरीचा रंग फळासारखा दिसतो म्हणून ऑलिव्ह ग्रीन. कापड रंगतं कारखान्यातल्या रंगानं. घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरी गावात असले मेसेज टाकायची हिंमत कुणी करू नये.

राहिली लेखी हमी. २०१९ मध्ये इस्लामपूरला कडकनाथ कोंबड्यांच्या नावानं शेतकऱ्यांना फसवल्याचं प्रकरण फुटलं, तिथंही पक्षी परत घेण्याचे करारच होते. या ऑलिव्हच्या करारनाम्याची एक प्रत मी वाचली. रोपांचे पैसे आगाऊ आणि परत न मिळणारे. खरेदी "कंपनीच्या निकषाप्रमाणे तेलाचा उतारा असलेल्या" फळाचीच; निकष किती, ते लिहिलेलं नाही. फळ शेतकऱ्यानं स्वखर्चानं संकलन केंद्रावर पोहोचवायचं. केंद्राच्या पत्त्यापुढं टिंबं आहेत. बुकिंग करायचंच असेल तर त्या टिंबांवर पत्ता लिहून घ्या, आणि सातारा किंवा सांगली जिल्ह्यात फळ धरलेलं एक झाड दाखवा म्हणावं, फोटोत नाही, शेतात.