महिन्यात गुडघ्यावर? आधी लेडल बघा

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: ‘व्यापार तोडा, शत्रू महिन्यात गुडघ्यावर येतो. तिकडचा दाणाही येणार नाही आणि आपलं काही अडत नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. राग मलाही आहे, पण हिशेब चुकलाय.

‘महिन्यात’ म्हणे! अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या म्हणून 1980 च्या जानेवारीत अमेरिकेनं सोव्हिएत संघाला जाणारं ठरल्यापेक्षा जादाचं धान्य रोखलं. सोव्हिएतनं ते अर्जेंटिनाकडून घेतलं. फौजा 1989 पर्यंत तिथंच राहिल्या, बंदी मात्र 1981 च्या एप्रिलमध्येच उठली, कारण ओरड अमेरिकेच्याच शेतकऱ्यांची होती. आपल्या दारातलं बघायचं तर 2015 मध्ये सीमेवर नेपाळचे टँकर खोळंबले. नाकेबंदी आम्ही केली नाही, असं दिल्ली सांगत राहिली. पुढच्या वर्षी नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार केला.

‘दाणाही येणार नाही’ हे तर खजुरांनीच खोटं पाडलं. 2 मे 2025 ला पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण बंद झाली आणि जूनमध्ये न्हावा शेवाला दुबईमार्गे आलेले 39 कंटेनर धरले गेले. कागदावर यूएई, आत पाकिस्तानी सुका खजूर.

राहिलं ‘आपलं अडत नाही’. भावांनो, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, हीट (वितळलेल्या लोखंडाचा घाणा) निघताना उभे राहा. एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट बिडाचा, जॉब असला की लेडलच्या (रस ओतायच्या मोठ्या भांड्याच्या) तळाशी मॅग्नेशियमचा मिश्रधातू घालतात, वर स्टीलचा चुरा दाबतात आणि मग रस सोडतात. पांढराशुभ्र भडका उडतो, धूर छताला लागतो. तेवढ्या चिमूटभर मॅग्नेशियमनं बिडातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या गोल होतात आणि माल ठिसूळ राहत नाही. लगेच साच्यात ओतलं नाही तर गुण उतरतो, म्हणून पळापळ. (आमच्या निम्म्या तालमीचं पोट याच पळापळीवर आहे.) जगातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होतं. 2021 मध्ये तिकडं विजेची कपात झाली, भट्ट्या थांबल्या आणि जगभर भाव भडकले. तेव्हा तर कुणी कुणावर रुसलंही नव्हतं.

दबाव चालतच नाही, असं नाही. वर्णद्वेषावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार सर्वांत आधी भारतानं तोडला, 1946 मध्ये. अमेरिकेनं कडक निर्बंधांचा कायदा केला 1986 मध्ये. सगळ्यांना मताचा हक्क देणारी निवडणूक तिथं झाली 1994 मध्ये.